पहिल्या प्रयोगाचा प्रेक्षक

‘नवं कोरं’ हे दोन शब्द दिसले की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो. कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या जाहिरातीत दिसले तर नव्हे हं. तिथे मी पक्का चिकट आहे, बनियनची जाळी होऊन ती फरशी पुसायच्या बादलीत जाईपर्यंत मी दुसरा काढत नाही. पण पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं, त्यातल्या एखाद्या चौकोनात ‘नवं कोरं दोन अंकी नाटक’ आणि त्याखाली ‘शुभारंभाचा प्रयोग’ असं दिसलं, आणि त्यातून नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ असा शब्द असला, की मग गॅसवरचं दूध, दारातला इस्त्रीवाला आणि बायकोने तिसऱ्यांदा विचारलेला ‘भाजी कुठली करू?’ हा प्रश्न, यांतलं काहीही माझ्यापर्यंत पोचत नाही. दूध उतू जातं.

हल्ली या जाहिरातींत ‘फक्त मोजकेच २५ प्रयोग’ असं छापायची पद्धत पडली आहे. शहाणी माणसं ते वाचून गालातल्या गालात हसतात. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. पंचवीसच! म्हणजे मुंबईत दहा, पुण्यात आठ, नाशिकला दोन, उरले किती, असा हिशेब करत मी घरात येरझाऱ्या घालतो आणि पहिल्याच प्रयोगाची तिकिटं काढून मोकळा होतो. पुढे पंचविसाचे पन्नास होतात, ‘लोकाग्रहास्तव आणखी काही’ होतात, दौरे होतात, कुणीतरी परदेशातही घेऊन जातं. तो लोकाग्रह करणारे लोक कोण, हा प्रश्न घरात निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्या नातेवाइकांचं धोरण वेगळं आहे. ‘आधी कळू दे तर कसं आहे ते,’ असं म्हणून ते थांबतात. अहो, पण कळणार कोणाकडून? कुणीतरी आधी जाऊन बसल्याशिवाय कळायचं कसं? नाटक म्हणजे काही डाळिंब नव्हे, दुकानदाराने एक फोडून दाखवायला. तर आमच्या संपूर्ण खानदानात हे आधी जाऊन बसण्याचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या प्रयोगाला पडद्यामागून दुसऱ्या घंटेपर्यंत खिळे ठोकल्याचा आवाज येतो, प्रकाश नटाच्या आधी किंवा नंतर येतो, पण त्याच्यावर येत नाही, आणि लेखक शेवटच्या रांगेत उभा राहून प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत असतो. मला हे सगळं आवडतं. मी नाटक बघून घरी आलो की फोन सुरू होतात. ‘कसं आहे?’ मी म्हणतो, ‘अप्रतिम!’ ते म्हणतात, ‘बरं,’ आणि दुसऱ्या कुणालातरी विचारतात, कारण मी आजवर एकाही नाटकाला अप्रतिम सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही.

तिकीट काढण्याच्या बाबतीत मी जुन्या वळणाचा. मुलगी म्हणते, ‘बाबा, अ‍ॅपवर दोन मिनिटांत होतं रे.’ होत असेल. पण तिकीटबारीवरच्या प्लॅनची सर त्याला नाही. तो कागद, त्यावरचे बारीक चौकोन, विकलेल्या खुर्च्यांवर मारलेल्या फुल्या, हे बघत बारीच्या गजांना नाक लावून उभं राहावं, ‘ही घेऊ का ती?’ असं आतल्या माणसाला विचारावं, मागची रांग खाकरायला लागेपर्यंत निर्णय लांबवावा. एका नव्या संगीत नाटकाला मी असाच अडून बसलो. म्हटलं, संगीत नाटक आहे, मला अगदी जवळचं हवं, श्वास घेतलेला ऐकू आला पाहिजे. आतला माणूस म्हणाला, ‘काका, पहिली रांग आहे, पण एकदम कोपरा.’ मी झडप घातली.

तो कोपरा तबल्याचा होता. म्हणजे रंगमंचाच्या कडेला, खाली, तबलजी बसले होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी. त्यांनी घड्याळ काढून रुमालावर ठेवलं, तळव्यांना पावडर लावली, हातोडीने तबल्याच्या कडेवर टकटक करत सूर लावला, मग माझ्याकडे बघून गंभीरपणे मान हलवली. मीही हलवली. त्या क्षणापासून आम्ही दोघांनी मिळून तो प्रयोग केला असं म्हणायला हरकत नाही. गाणं जवळ आलं की ते मांडी बदलत, डग्गा गुडघ्याशी ओढून घेत, आणि मला प्रेक्षकांच्या आधी कळे की आता नायिकेच्या जिवावर बेतणार आहे. नायिकेचा श्वास काही ऐकू आला नाही. तिची तानही नाही. जे ऐकू आलं ते सगळं धा आणि धिं होतं, आणि तिरक्या कोनामुळे त्या गुणी मुलीचा पहिल्या अंकात फक्त डावा खांदा दिसला. घरी आल्यावर फोन आला, काम कसं केलंय तिने? मी म्हटलं, खांदा फार बोलका आहे.

संगीत नाटकाचं हे वेड मला मावशीकडून आलं. मावशीने ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब प्रत्यक्ष बघितला आहे, त्यामुळे १९६७ नंतर जन्मलेल्या कुठल्याही गायकाबद्दल तिला थोडी दया वाटते. नव्या नाटकाचं नाव काढलं की तिचा पहिला प्रश्न असतो, ‘पदं किती रे?’ किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त म्हणे दोनशेच्या वर पदं होती. आठ म्हटलं की तिचा चेहरा पाव किलोच्या भावात छटाक मिळाल्यासारखा होतो. आणि तिने लहानपणी मला एक नियम घालून दिला होता: गाणं आवडलं आणि आपण ‘वन्समोर’ म्हटलं नाही, तर तो गाणाऱ्याचा अपमान.

हा नियम मी इमानेइतबारे पाळत आलो आणि त्यापायी आजूबाजूच्या खुर्च्यांवरून काय काय ऐकून घेतलं! कारण नव्या संगीत नाटकांत गाणं हे नाटक थांबवून गायचं राहिलेलं नाही. पूर्वी गंधर्वांसारखे गायक नट मागणीनुसार तेच पद पुन्हा पुन्हा रंगवत आणि रात्र सरत जाई. आता पात्र गाता गाता भाकरी थापतं, भांडतं, मरतं. मरणाऱ्याला वन्समोर म्हणू नये हे मला एका प्रयोगात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी सांगितलं. बायकोने सांगितलं नाही. तिने पर्स उचलली आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली.

२०१७ साली आलेल्या ‘संगीत देवबाभळी’पुढे मात्र माझा नाइलाज झाला. प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं, बसवलेलं. रंगमंचावर दोघीच: पायात काटा रुतून घरात अडकून पडलेली तुकारामांची आवली, आणि तिची शुश्रूषा करायला लखुबाई होऊन आलेली साक्षात रखुमाई. एकीचा नवरा विठ्ठलापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा खुद्द विठ्ठल. दोघींचं बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं याचा पत्ता लागत नाही, मग वन्समोर म्हणायचं तरी कुठे? मी तो गळ्यात दाबत दाबत बसलो. शेवटी जो बाहेर पडला तो हुंदका आणि वन्समोर यांच्या अधलामधला काहीतरी आवाज होता, आणि शेजारच्या बाईंनी ठसका लागला असं समजून मला स्वतःची पाण्याची बाटली दिली. ती मी भिडेखातर पूर्ण प्यायलो. पुढचा सगळा वेळ मला नाटकाव्यतिरिक्तही एका गोष्टीची ओढ लागून राहिली होती.

आता ठाण्याचं सांगतो. आमच्या ठाण्यात नाटकाची दोन मोठी ठिकाणं. एक तलावपाळीवरचं राम गणेश गडकरी रंगायतन आणि दुसरं तिकडे घोडबंदर रोडच्या बाजूचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. दोन्ही माणसं मराठी नाटकात थोर. एकाने ‘एकच प्याला’ लिहिलं, दुसऱ्याने ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी गाजवला. त्यांच्या नावांची सुरुवात इतकी जवळजवळ असावी हे मात्र माझ्यासारख्याच्या दृष्टीने धोक्याचं आहे. तिकिटावर ‘घाणेकर’ छापलेलं होतं. मी ‘गडकरी’ वाचलं. म्हणजे वाचलंही नसेल. शुभारंभाचा प्रयोग म्हटल्यावर पुढचं मी कशाला वाचतोय!

रंगायतनापाशी पोचलो तर ही गर्दी! आई, बाबा, आज्या, काखेत पोरं. माझा ऊर भरून आला. नव्या नाटकाला इतकी माणसं, तीही सहकुटुंब. कोण म्हणतं मराठी रंगभूमी आजारी आहे? दारावरच्या माणसाला मी लांबूनच तिकीट दाखवलं, त्याने काहीतरी विचारलं, पण मागच्या रेट्याने आम्ही दोघं आत ढकललो गेलो होतो. खुर्च्यांवर नंबर बघायची सोय नव्हती, जो तो मिळेल तिथे बसत होता. मी बायकोला म्हटलं, ‘बघ, मुक्त आसनव्यवस्था. दिग्दर्शक तरुण दिसतोय.’

पडदा उघडला. मंचावर तीन गाजरं, दोन मुळे, एक कोबी आणि एक वांगं. सगळी अडीच-तीन फुटांची. मागे ध्वनिमुद्रित गाणं, आणि गाजरं एका दिशेला नाचतायत, मुळे दुसऱ्या. मी सावरून बसलो. ‘हे प्रायोगिक आहे,’ मी कुजबुजलो. बायको काही बोलली नाही. मी तिला गाजरांचा अर्थ समजावून दिला: गाजर म्हणजे आमिष, तीन गाजरं म्हणजे तीन सत्ताकेंद्रं, मुळे हे मातीशी नातं सांगणारे, आणि वांगं मध्यभागी एकटं उभं राहून रडतंय, म्हणजे तो सामान्य माणूस. वांगं खरोखरच फार आतून रडत होतं. इतकं सच्चं काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यात विंगेतून साडी नेसलेली एक बाई सरळ प्रकाशात आली, तिने पदराने वांग्याचं नाक पुसलं, त्याला उचलून कडेवर घेतलं आणि निघून गेली. नृत्य चालूच.

‘ब्रेख्त!’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘प्रेक्षकाला नाटकात वाहून जाऊ द्यायचं नाही, मध्येच भ्रम मोडायचा. काय धाडस आहे!’

‘अहो,’ बायको म्हणाली, ‘ते वांगं म्हणजे आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्यांचा नातू आहे.’

बक्षीससमारंभाच्या आधी आम्ही बाहेर पडलो. रिक्षाने घाणेकरला पोचलो तेव्हा मध्यंतर संपत आलं होतं, त्यामुळे नाटकाचा दुसरा अंक तेवढा बघायला मिळाला. पहिला मी रिक्षात मनाशी रचला होता. तो दुसऱ्याला कुठेच जुळला नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना जिन्यात गाठून मी त्यांच्या नातवाच्या अभिनयाबद्दल जे काही बोललो, त्यानंतर त्या घरातून आम्हाला दर सणाला ताट येतं.

मध्यंतराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नाट्यगृहातला बटाटेवडा ही नाटकाइतकीच निष्ठेने सांभाळायची गोष्ट आहे आणि त्यासाठी पडदा पडताक्षणी उठून धावावं लागतं. मी धावतो. पण रांगेत पुढे एखादं तरुण जोडपं ‘म्युझिकल म्हणजे ब्रॉडवेचं ना?’ असं काही बोलताना ऐकू आलं की माझे पाय तिथेच रुततात. मग मी त्यांना थांबवून ५ नोव्हेंबर १८४३ पासून सुरू करतो. सांगलीत विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. मग १८८०, पुणे, अण्णासाहेब किर्लोस्कर, ‘संगीत शाकुंतल’. मग देवल, मग खाडिलकर. मग ८ जुलै १९२१चा तो संयुक्त ‘मानापमान’, टिळक स्वराज्य फंडासाठी एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन कंपन्या एकत्र आलेल्या, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, आणि त्याच वर्षी केशवराव गेले, वय अवघं तिशीच्या आसपास. इथे माझा आवाज कापरा होतो. मुलं सुशिक्षित असतात, ऐकून घेतात. रांग आमच्या बाजूने वळसा घालून पुढे सरकते. १९२१ संपेपर्यंत वडे संपलेले असतात.

ब्रॉडवेही बघून आलोय बरं का. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्या गळ्यात पडून ‘हॅमिल्टन’ला गेलो. तिकिटाची किंमत त्याने मला अजून सांगितलेली नाही, माझ्या रक्तदाबाचा विचार करून. अमेरिकेच्या इतिहासातले हे सगळे संस्थापक पुढारी रॅपमध्ये भांडतात, आणि भूमिका करणारे बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. मला शब्द दहातला एक कळत होता. शेजारची अमेरिकन आजी माझ्याकडे कौतुकाने बघत होती, कारण मी मान डोलवत होतो. मी डोलवत होतो ते पोवाड्याच्या ठेक्यावर. मनात म्हणत होतो, हे २०१५चं, आणि आमच्याकडे २०१२ सालीच ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मध्ये जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी संभाजी भगतांच्या शाहिरीवर इतिहासाचं आजच्या माणसाशी भांडण लावून दिलं होतं, तेही किती कमी पैशांत! हे मी त्या आजीला मध्यंतरात सांगायला गेलो. तिला कळलं नसावं. तिने मला गोळी दिली, खोकल्याची.

माणसाने प्रेक्षक आहोत तोवर प्रेक्षक राहावं. मला ते जमलं नाही, आणि मी सोसायटीच्या गणपतीत स्वतःचं नवं कोरं संगीत नाटक करायला घेतलं. विषय ताजा हवा म्हणून नाव ठेवलं ‘संगीत पुनर्विकास’. जुन्या इमारतीतली एक विधवा आजी, एक बिल्डर, आणि सभासदांच्या हक्कांसाठी लढणारा तडफदार नायक. नायक अर्थातच मी. बिल्डरचं काम करायला कोणी मिळेना. चेअरमन म्हणाले, ‘मी केलं तर लोकांचे गैरसमज होतील.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘मी केलं तर होणार नाहीत, दृढ होतील.’ शेवटी तळमजल्यावरच्या भाडेकरूला धरलं. त्याने आयुष्यात एकदा तरी सभासदांना दम द्यायला मिळेल म्हणून आनंदाने होकार दिला. पदं मी स्वतः लिहिली. आजीच्या तोंडी एक साकी होती, त्यातल्या दोन ओळी वानगीदाखल:

कार्पेट एरिया वाढव राजा, नको गच्चीची भूल,
भाडं थकलं सहा महिने, पेटेना रे चूल!

पेटीला भजनी मंडळाचे काका. त्यांनी तालमीत विचारलं, ‘तुमची पट्टी कुठली?’ मी म्हटलं, ‘कुठलीही चालेल.’ ते वाक्य त्यांनी प्रयोगाच्या रात्री लक्षात ठेवलं असावं. मी पद उचललं, काकांनी काळी दोन धरली. मी तिथे नव्हतो. त्यांनी काळी चार धरली, तोवर मी तिथूनही निघालो होतो. पांढरी पाचपर्यंत ते माझ्या मागे सुरांवरून बोटं आपटत हिंडले आणि मग त्यांनी भाता बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी डगमगलो नाही. डोळे मिटले, तान घेतली, आणि त्या भरात चिकटवलेली मिशी सुटून तोंडात गेली. ती जिभेने एका गालात सारून मी तान पूर्ण केली आणि समेवर, निदान माझ्या समेवर, हात आपटला.

शांतता. आणि मग मांडवाच्या मागून एक कोवळा आवाज आला: ‘वन्समोर!’

इतकी वर्षं मी जो शब्द दुसऱ्यांना देत आलो तो मला मिळाला होता. माझा कंठ दाटून आला. मी मिशी पुन्हा लावली, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि सबंध पद, साकीसकट, पहिल्यापासून गायलो. प्रयोगानंतर त्या गुणग्राहक मुलाला शोधून काढलं, पाठीवर हात ठेवला, म्हटलं, काय आवडलं रे बाळा? तो म्हणाला, ‘काका, पहिल्या वेळी मिशी तोंडात गेली ना, तेव्हा माझ्या मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू नव्हतं.’

पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की यापुढे गणपतीत ऑर्केस्ट्रा आणावा. सूचक भजनी मंडळाचे काका, अनुमोदक माझी बायको.

असो. येत्या रविवारी दुपारी एका नव्या कोऱ्या संगीत नाटकाचा शुभारंभ आहे. मी सवयीने चार तिकिटं काढली. मुलीचं म्हणणं, तिला रविवारीही ऑफिसचा कॉल आहे. मावशीने पदं किती ते विचारलं आणि फोन ठेवला. बायको म्हणाली, ‘पंचवीस होऊ देत, मग बघू.’ तेव्हा तीन तिकिटं माझ्याकडे पडून आहेत, चौथी रांग, मधल्या जागा, तबल्यापासून लांब. कोणी येणार असेल तर कळवा. पैसे नंतर दिलेत तरी चालतील, वडे माझ्याकडून. फक्त मध्यंतरात मला काही विचारू नका.